वाफ्याची कड कशाची करावी?

शाळेत भाजीचे वाफे करायचे ठरले, की पहिला प्रश्न जागेचा येतो, दुसरा पाण्याचा आणि तिसरा 'कडेला काय लावायचे' हा. पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ चर्चा होते. तिसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा शाळेच्या मागेच पडलेले असते : मोडलेल्या बाकांच्या फळ्या, छपरावरून उतरवलेले सिमेंटचे पत्रे, जुने टायर, रंगाचे रिकामे डबे, बांधकामातून उरलेल्या विटा. यातले हाताला लागेल ते उचलले, की पैसे न खर्चता काम होते आणि टाकाऊतून टिकाऊ केल्याचे समाधानही मिळते.

पण फुलझाडांच्या ताटव्याची कड आणि भाजीच्या वाफ्याची कड यांत एक मोठा फरक आहे. भाजीच्या वाफ्यातली माती वर्षानुवर्षे ओली असते, ती कडेला चिकटून असते आणि त्या मातीत जे वाढते ते मुलांच्या ताटात जाते. शाळांमधील पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून पुष्कळ शाळांतली मेथी, पालक, मुळा, टोमॅटो थेट दुपारच्या आहारात वापरले जातात. म्हणून कडेच्या साहित्याची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. त्यामागे थोडे रसायनशास्त्र, थोडे जीवशास्त्र आणि थोडे भौतिकशास्त्रही आहे. ते समजून घेऊ या.

आधी, कड हवी का?

आपल्या शेतकऱ्यांना गादीवाफा नवीन नाही. कांद्याची, मिरचीची, टोमॅटोची रोपे गादीवाफ्यावरच तयार करतात. माती आजूबाजूपेक्षा वीतभर उंच केली, की जास्तीचे पाणी निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. अशा वाफ्याच्या बाजू उतरत्या ठेवून हाताने थापल्या, की कड लागत नाही.

शाळेत कड लागते ती दोन कारणांनी. एक म्हणजे मुलांची वर्दळ. पायाखाली बाजू ढासळतात. दुसरे म्हणजे जोराचा पाऊस. कोकणात किंवा घाटमाथ्यावर उघडी गादी पहिल्या आठवड्यातच वाहू लागते. याउलट कमी पावसाच्या भागात उंच वाफा चहू बाजूंनी तापतो आणि लवकर सुकतो. तेथे सपाट किंवा थोडा खोलगट वाफा जास्त बरा. म्हणजे सोलापूरच्या शाळेने सावंतवाडीच्या शाळेची नक्कल करण्याचे कारण नाही. ज्यांना उंच वाफा हवाच आहे, त्यांच्यासाठी पुढचा विचार आहे.

टिकाऊपणा आला कुठून?

ओली माती ही जणू कुजवण्याची गिरणीच आहे. बुरशी, जिवाणू, वाळवी, पाणी, मातीतली सौम्य आम्ले असे सगळे मिळून आत पडलेल्या वस्तूचे विघटन करीत असतात. अशा जागी एखादी वस्तू दहा-वीस वर्षे टिकते, तेव्हा त्याचे कारण दोहोंपैकी एक असते. एकतर त्या वस्तूत कुणाला खाण्याजोगे काही नसते, जसे दगडात किंवा भाजलेल्या विटेत. नाहीतर खाणारा मरेल असे काहीतरी त्या वस्तूत असते.

साहित्य निवडताना म्हणूनच 'हे किती टिकेल?' एवढेच विचारून भागत नाही. 'हे का टिकते?' असेही विचारावे लागते. दुसऱ्या प्रकारचा टिकाऊपणा असेल, तर वाळवीला मारणारे द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरते का, हा पुढचा प्रश्न. हे दोन प्रश्न हाताशी धरून आता एकेक वस्तू पाहू.

लाकूड आणि बांबू

लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज हे बुरशीचे आणि वाळवीचे अन्नच. तरीही सागाच्या गाभ्याचे जून लाकूड पुष्कळ वर्षे टिकते, कारण सागाचे झाड स्वतःच गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी संयुगे साठवते आणि ती वाळवीला नकोशी असतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ही संयुगे फारशी नसतात, म्हणून त्याच झाडाचा तो भाग लवकर जातो. जुन्या, न रंगवलेल्या सागाच्या फळ्या मिळाल्या तर त्या भाजीच्या वाफ्याला उत्तम.

झाडाला जमते ते माणसाने रसायनांनी करून पाहिले. या कामात एक मोठी पायरी भारतात गाठली गेली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण शोधून काढले. दाबाखाली ते लाकडात भरले, की तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किड्यांना मारते आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते. 'अस्कू' या नावाने ते प्रसिद्ध झाले. विजेचे खांब, कुंपणाचे डांब, पूल यांसाठी जगभर ते वापरले गेले आणि त्यामुळे असंख्य झाडे तुटण्यापासून वाचली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मात्र ही बांधणी शंभर टक्के पक्की नसते. थोडे थोडे आर्सेनिक पावसाबरोबर सुटत राहते आणि लगतच्या मातीत साठते. अमेरिकेत २००३ सालाअखेर घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ही प्रक्रिया उत्पादकांनीच थांबवली. ज्या लाकडावर हिरवट झाक दिसते आणि ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते वाफ्याला लावू नये. असे लाकूड चुलीतही घालू नये, कारण जळल्यावर आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि बाकीचे राखेत उरते. राख तर आपण खत म्हणून पुन्हा बागेतच टाकतो.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला भरभक्कम असतात. त्यांत बहुधा क्रिओसोट मुरवलेले असते. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल. उन्हात स्लीपर तापला, की येणारा उग्र वास त्याचाच. त्यात बेंझोपायरीनच्या कुळातील अनेक वलयांची संयुगे असतात. लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. पुढे कळले, की काजळीतली दोषी द्रव्ये याच कुळातली. लहान मुले ज्या कडेवर बसतात, हात टेकतात, ती कड स्लीपरची नसावी.

बांबू स्वस्त, सहज मिळणारा आणि निर्धोक. पण त्यात स्टार्च असल्यामुळे भुंगा लागतो आणि जमिनीच्या ओलीत तो साधारण एक ते तीन वर्षेच टिकतो. काही ठिकाणी बोरॅक्स आणि बोरिक आम्लात बुडवून बांबू टिकाऊ करतात. छपराखाली हे उत्तम चालते. ओल्या मातीत मात्र ही द्रव्ये विरघळून बाहेर पडतात. मग बांबूचे संरक्षण जाते आणि मातीतले बोरॉन वाढते. बोरॉन पिकाला अत्यल्प प्रमाणात लागते, पण थोडे जास्त झाले तरी पानांच्या कडा करपतात. त्यापेक्षा साधा बांबू लावावा आणि दोन वर्षांनी बदलावा. कुजलेला बांबू खतात जमा होतो. कमी टिकणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो.

रंगवलेल्या फळ्या

शाळेत सर्वांत सहज मिळणारी आणि सर्वांत जास्त काळजी करण्याजोगी वस्तू म्हणजे जुन्या बाकांच्या, दारांच्या, खिडक्यांच्या रंगवलेल्या फळ्या. तैलरंगात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत फार जुनी. त्यांनी रंग उजळ होतो, लवकर वाळतो आणि जास्त टिकतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाच्या फळीत शिसे असू शकते, असे धरून चालणेच शहाणपणाचे.

शिशाच्या बाबतीत मुले ही मोठ्या माणसांची लहान आवृत्ती नव्हेत. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषला जाणारा भाग मोठ्यांच्या चार-पाच पट असू शकतो. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करते. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंग खरवडून फळी वापरू, हा उपाय उलटा ठरतो. खरवडल्याने शिसे जात नाही, त्याची धूळ होते.

पत्रे, टायर आणि प्लास्टिक

सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. येथे धोका भाजीतून नसून श्वासातून आहे. पत्रा कापताना, फोडताना, घासताना सूक्ष्म तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात अडकले, की शरीर त्यांना बाहेर काढू शकत नाही आणि त्यांतून उद्भवणारा कर्करोग वीस-तीस वर्षांनीही दिसू शकतो. असा पत्रा मुलांकडून हलवून घेऊ नये, तोडू नये.

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा त्या मानाने निर्धोक. जस्त मातीत उतरते, पण आम्लधर्मी नसलेल्या मातीत ते हळूहळू उतरते. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीवच असते. पत्र्याचे खरे दोष दोन : धारदार कडा आणि उन्हाळ्यातली उष्णता. कडा दुमडून घेता येतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्यालगतची मुळे मात्र होरपळतात.

टायर हजारो किलोमीटर घासून टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. रबर पक्के करताना त्यात जस्ताचे ऑक्साइड घालतात, त्यामुळे टायरमध्ये एक टक्का किंवा थोडे अधिक जस्त असते. शिवाय त्यातल्या तेलांत क्रिओसोटच्या कुळातली काही संयुगे असतात. युरोपीय संघाने २०१० पासून या तेलांवर मर्यादा घातली आहे. अखंड टायरमधून ही द्रव्ये सावकाश सुटतात, तेव्हा घबराट नको. पण दुसरे चांगले साहित्य मिळत असताना भाजीसाठी टायर कशाला? त्यात साचलेले पाणी तर डेंग्यूच्या डासांची आवडती जागा. फुलझाडांना टायर वापरायचे असल्यास खालून भोके पाडावीत.

प्लास्टिक मातीत टिकते ते विषामुळे नव्हे. त्याच्या लांबलचक रेणूंना सहज तोडणारी विकरे मातीतल्या जिवाणूंजवळ नसतात. जे जिवाणूंना जमत नाही ते उन्हातले अतिनील किरण करतात. म्हणून धान्याच्या विणलेल्या पांढऱ्या पोत्यांच्या उन्हात चिंध्या होतात आणि त्या चिंध्या मातीतच राहतात. प्लास्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात छापलेला आकडा पाहावा. २ म्हणजे घट्ट पॉलिथीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. अन्नाच्या डब्यांना हीच वापरतात, ती चालतील. काळ्या रंगाचे प्लास्टिक उन्हात जास्त टिकते, कारण त्यातली काजळी अतिनील किरण शोषून घेते. कीटकनाशकांचे, रंगांचे, रसायनांचे डबे आणि पिंपे मात्र कितीही धुतली तरी वापरू नयेत.

दगड, विटा, सिमेंट

दख्खनचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एका वाफ्याच्या आयुष्यात त्याला काही होत नाही. कोकणातला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो. दोन्ही निर्धोक. नुसत्या रचलेल्या दगडांच्या फटींत विंचू आणि साप आसरा घेतात, म्हणून फटी मातीने लिंपाव्यात आणि फटींत हात घालायचा नाही हे मुलांना सांगून ठेवावे.

भट्टीत वीट भाजताना चिकणमातीच्या खनिजांची रचना कायमची बदलते, म्हणून भाजलेली वीट पाण्यात विरघळत नाही. कच्ची राहिलेली वीट मात्र पाणी पिते, तिला लोणा लागतो आणि ती भुगा होऊन पडते. जुन्या भिंतीतल्या विटा घेताना त्यांवर रंग नाही एवढे पाहावे.

सिमेंट काँक्रीट टिकाऊ आहे, पण ताजे असताना त्यातून चुना सुटतो आणि लगतच्या मातीचा सामू वाढतो. सामू वाढला, की मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून नवे ठोकळे काही आठवडे पाणी मारून धुऊन घ्यावेत आणि वाफ्यात कुजलेले शेणखत भरपूर घालावे.

कड फुगते का?

साहित्य निर्धोक असले तरी ते भार सोसेल का, हे पाहावे लागते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच वाफ्यात ०.९ घनमीटर माती बसते. ओली झाल्यावर तिचे वजन दीड टनाच्या पुढे जाते. ही माती कडेला बाहेर ढकलते. या उंचीला कडेच्या प्रत्येक मीटरवर साधारण ४० किलो वजनाइतका रेटा येतो. उंची दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. खोलीबरोबर दाब वाढतो आणि दाब सोसणारी कडही उंच होते, म्हणून रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यात काळी माती ओलीने फुगते, तेव्हा रेटा आणखी वाढतो. त्यावर उपाय सोपा आहे. वाफा एक वीत ते एक फूट उंचच ठेवावा, काळ्या मातीत वाळू आणि खत मिसळावे आणि फळ्यांना बाहेरून दर मीटरला एक खुंटी द्यावी. रुंदी एवढीच असावी, की मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचेल.

विष ताटात कसे येते?

मातीतले शिसे मुळे फारसे वर पाठवत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या फळांत ते अगदी कमी पोचते. पालेभाज्यांत आणि मुळा-गाजरांत त्यापेक्षा जास्त सापडते. पण बहुतेक वेळा खरा मार्ग याहून साधा असतो. पानांना चिकटलेली माती आणि नखांत अडकलेली माती तोंडावाटे पोटात जाते. म्हणून भाजी वाहत्या पाण्यात धुणे, मुळे सोलणे आणि बागेतून आल्यावर साबणाने हात धुणे हा चांगल्या कडेइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

कड चांगली आणि माती वाईट, असेही होऊ शकते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण त्यापूर्वी रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे कुजत नाही, तेथेच राहते. जुन्या रंगवलेल्या भिंतीखालच्या मातीचेही तसेच. वाफे अशा जागांपासून दूर असावेत.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. कोरड्या विटेचे वजन करा. ती २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा वजन करा. वाढ मूळ वजनाच्या किती टक्के झाली? भारतीय मानकानुसार साध्या विटेत ती २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर येणारा आवाज आणि हा आकडा यांची सांगड घाला. खणखणीत वाजणारी वीट कमी पाणी पिते का?

२. नव्या काँक्रीटचा तुकडा रात्रभर थोड्या पाण्यात ठेवा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद त्या पाण्यात घाला. तो तांबडा झाला तर पाणी अल्कधर्मी. तुकडा धुऊन, पाणी बदलत, दर आठवड्याला हे करा. कागद किती आठवड्यांनी पिवळाच राहू लागतो, ते नोंदवा.

३. बांबूची पट्टी, सागाच्या गाभ्याचा तुकडा, पांढऱ्या लाकडाचा तुकडा, सुतळी, पोत्याची पट्टी, खिळा आणि विटेचा तुकडा वजन करून वीतभर खोल पुरा. प्रत्येकाचे चार नमुने घ्या आणि एक, तीन, सहा, बारा महिन्यांनी एकेक काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा. हा प्रयोग वर्षभर चालतो, तेव्हा तो जून महिन्यात सुरू करावा.

रंगातले शिसे ओळखणारी भरवशाची चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत करता येत नाही. तेथे फळीचा इतिहास विचारणे हीच चाचणी. ही फळी कुठली, कधी रंगवली, कशात मुरवली होती? उत्तर मिळाले नाही, तर फळी बाजूला ठेवावी.

आम्हाला सुचवावेसे वाटते ते थोडक्यात असे. जवळपास मिळणारा दगड किंवा जांभा पहिला, चांगली भाजलेली न रंगवलेली वीट दुसरी, सागाची कोरी फळी तिसरी. यांपैकी काहीच परवडत नसेल तर साधा बांबू लावावा, नाहीतर कडेविना थापलेला गादीवाफा करावा. ढासळलेली गादी पुन्हा थापायला अर्धा तास पुरतो. मातीत उतरलेले शिसे बाहेर काढायला ती सगळी मातीच बदलावी लागते.